मदत हवी आहे: मुलगा क्रूझवर चाललाय, माळकरी आहे. तिथे जेवणार काय?

जेलरोडकर

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. धाकट्याने हॉटेल मॅनेजमेंट केलं, दोन वर्षं मुंबई नाक्याजवळ एका हॉटेलात काढली, आणि आता त्याची क्रूझ जहाजावर निवड झाली आहे. असिस्टंट वेटर, करार ९ महिन्यांचा, जहाजावर चढायचं मायामीला. सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही) हातात आली, एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे जहाजावरच्या सुरक्षेचे कोर्स झाले, व्हिसाही झाला. आता घरात एकच विषय उरलाय.

आमच्याकडे तीन पिढ्यांची माळ आहे. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकला जाणं आजवर चुकलेलं नाही. मुलानेही दहावीनंतर माळ घातली, ती आमच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मनाने. अंडंही खात नाही. दोन्ही एकादशा धरतो. विचारलं तर म्हणतो, "बाबा, तिथे सगळं मिळतं." सगळं मिळतं हीच तर भीती आहे. यूट्यूबवर स्टाफच्या जेवणाचे व्हिडिओ पाहिले, ज्याच्या त्याच्या ताटात कोंबडी नाहीतर मासा.

तर विचारायचं असं, की शाकाहारी पोराचं नऊ महिने पोट भरतं का? की ब्रेड-बटरवरच दिवस काढायचे? एकादशीचं काय? पाहुण्यांना मांसाहार वाढावा लागणार हे मी समजू शकतो, हॉटेलातही तो वाढतच होता. प्रश्न त्याच्या स्वतःच्या ताटाचा आहे.

हिने तयारी जोरात चालवली आहे. कुरडया झाल्या, लोणचं झालं, खोलीत खिचडी टाकता यावी म्हणून छोटी इंडक्शन शेगडीही आणली. अजून काय द्यावं? आणि हो, इथे ज्याने फॉर्म भरून दिला तो जहाजावरच्या मेसचं डिपॉझिट म्हणून १५ हजार मागतोय. एवढं असतं का? जेवण चांगलं मिळणार असेल तर द्यायला हरकत नाही.

फुकटचा_सल्ला

काका, शेगडीची पावती जपून ठेवली असेल तर आजच दुकानात जा. बाकीचं जाणकार सांगतील.

गॅलीवाला

काका, मी सात वर्षं जहाजावर होतो. आधी गॅली युटिलिटी म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात भांडी आणि फरशी, नंतर क्रू मेसमध्ये. आता गंगापूर रोडला स्वतःचं छोटं किचन चालवतो. सविस्तर लिहितो, कारण माझ्या आईनेही असाच जीव टांगणीला लावला होता.

शेगडी परत कराच. केबिनमध्ये शेगडी, किटली, इस्त्री, काहीच चालत नाही. जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची. चढताना सामान स्कॅन होतं, तिथेच काढून घेतात. नजरेतून सुटली तरी केबिन तपासणीत सापडते आणि पोराच्या नावावर वॉर्निंग चढते.

आता जेवण. मेस एक नसते. साधारण तीन असतात: क्रू मेस, स्टाफ मेस आणि ऑफिसर्स मेस. तुमचा मुलगा क्रू मेसमध्ये जेवेल. ती खालच्या डेकवर असते. तिथल्या लांबच लांब कॉरिडॉरला सगळे 'आय ९५' म्हणतात, अमेरिकेतल्या हायवेवरून. बुफेच असतो, आणि भात जवळपास दर जेवणाला. खाणाऱ्यांत फिलिपिनो, इंडोनेशियन आणि आपले लोक इतके, की भात संपला तर बंड होईल. एका बाजूला फिलिपिनो रस्से, कधी माशाच्या डोक्यांचा, दुसरीकडे पास्ता, सॅलड, ब्रेड, फळं, दही, कॉर्नफ्लेक्स. माझ्या तिन्ही जहाजांवर भारतीय काउंटर होता. डाळ, एक भाजी, एक चिकनची करी. चपाती असायची, पण तिला चपाती म्हणायला मन मोठं लागतं. डाळ रोज एकाच चवीची. पहिला महिना बरी लागते, तिसऱ्या महिन्यात तीच डाळ स्वप्नात येते.

म्हणजे पोट भरतं. अडचण वेळेची होते. वेटरचा दिवस तुकड्यातुकड्यांचा असतो. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, मग थोडी सुट्टी, मग रात्रीच्या डिनरच्या दोन बैठका. डिनरच्या आधी, पाच वाजता, दहा मिनिटांत उभ्या उभ्या गिळायचं आणि पळायचं. रात्री सर्व्हिस आटोपून खाली येईपर्यंत मेसमध्ये काउंटर पुसायला घेतलेला असतो. बऱ्याच जहाजांवर मेस रात्री उशिरा परत उघडते, पण तेव्हा पाय इतके भरून आलेले असतात की अर्धी पोरं न जेवता झोपतात. मी पहिल्या करारात सहा किलोंनी उतरलो, ते उपाशी राहून नव्हे, आळसाने. मुलाला एवढंच बजावा, रात्रीचं जेवण सोडू नको.

आणि वरच्या डेकवर पाहुण्यांच्या बुफेतलं काही तोंडात टाकायचं नाही. उरलेला केक फेकायला नेतानासुद्धा नाही. त्यावरून घरी पाठवलेली पोरं मी पाहिली आहेत. मेसमधलं जेवणही केबिनमध्ये नेऊन ठेवायचं नाही. अमेरिकन बंदरांत यूएसपीएचची, म्हणजे तिथल्या आरोग्य खात्याची स्वच्छता तपासणी न सांगता येते, १०० पैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे जहाज नापास. त्या एका शब्दाने कॅप्टनपासून भांडीवाल्यापर्यंत सगळ्यांना घाम फुटतो. केबिनमध्ये चिवड्याचा चुरा सांडला की झुरळ, आणि झुरळ म्हणजे थेट गुण कापले.

माळेचं म्हणाल तर आमच्यात एक जळगावचा पोरगा होता, युनिफॉर्मच्या आत माळ ठेवायचा, कोणी काही म्हटलं नाही. हातात मात्र दोरा, कडं, अंगठ्या, काही ठेवू नये. खाण्याच्या कामात चालत नाही.

सिडकोची_स्मिता

मी हाउसकीपिंगमध्ये तीन करार केले, पूर्ण शाकाहारी. दादांनी बहुतेक सांगितलंच आहे, फक्त शाकाहारी माणसाला फसवणाऱ्या गोष्टी सांगते.

'भाजी' दिसली की लगेच वाढून घ्यायची नाही. पालेभाजी परतताना ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस घालतात. व्हेज फ्राइड राइसमध्ये अंडं असतं. सूप भाज्यांचं दिसतं, पण पाणी कोंबडीचं असतं. राजम्यासारख्या दिसणाऱ्या बीन्समध्ये बेकनचे तुकडे. जेली जिलेटिनची. पहिल्याच आठवड्यात मेसच्या कुकशी ओळख करून घ्यायची. बहुतेक वेळा तो गोव्याचा, केरळचा किंवा फिलिपिनो निघतो आणि प्रेमाने विचारलं तर खरं सांगतो. माझ्यासाठी एक जण डाळ फोडणी देण्याआधी वेगळी काढून ठेवायचा.

एकादशीला मी फळं, दही, दूध आणि सॅलड काउंटरवरचे उकडलेले बटाटे यांवर भागवायचे. भगर, साबुदाणा द्यायची कल्पना सोडा, शिजवणार कुठे? राजगिऱ्याच्या वड्या, दुकानातल्या सीलबंद, त्या द्या. मेसमध्ये गरम पाणी मिळतं, आणि जहाजावरच्या दुकानात, ज्याला स्लॉप चेस्ट म्हणतात, नूडल्सचे कप मिळतात. रात्री उशिरा माझं जेवण तेच.

काकू, लोणचं नको. तेल फुटलं तर नऊ महिने युनिफॉर्मला वास. द्यायचं तर मेतकूट द्या. भात कायम असतोच. गरम भात, दही आणि मेतकूट, यापेक्षा मोठं सुख त्या आय ९५ वर नाही. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि आपला काळा मसाला, चिमूटभर डाळीवर टाकला की डाळ ओळखीची वाटते. सगळं घट्ट सील करून, वर इंग्रजीत नाव लिहून. मायामीला उतरल्यावर कस्टम्सला खाण्याच्या वस्तू आहेत हे सांगायचंच, लपवायचं नाही. ताजी द्राक्षं वगैरे चुकूनही नको, नाशिकची असली तरी.

नियमावर_बोट

सगळे मेतकुटात रमले आणि काकांचं शेवटचं वाक्य कोणी वाचलंच नाही. मेसचं डिपॉझिट नावाची गोष्ट नसते! मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, भारताने २०१५ मध्ये मान्य केलं. त्यात स्पष्ट आहे, कराराच्या काळात जहाजावरचं जेवण आणि पिण्याचं पाणी खलाशाला फुकट. वर, जेवण ठरवताना त्याच्या धर्माचा आणि खाण्याच्या सवयींचा विचार करायचा, हेही त्यातच आहे, तेव्हा माळकऱ्याने संकोच बाळगू नये. विश्रांतीचंही आहे, २४ तासांत किमान १० तास. वेटरही त्यात आला.

नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी यांचा खर्च आपला, तो वेगळा. व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाचा. डीजी शिपिंग या जहाजांच्या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर परवानाधारक कंपन्यांची यादी आहे. ज्या कंपनीमार्फत मुलगा जातोय तिचा आरपीएसएल नंबर (खलाशी भरतीच्या परवान्याचा) मागा आणि यादीत शोधा. डिपॉझिट मागणाऱ्याकडून लेखी मागणीपत्र मागा. बघा किती लवकर गप्प होतो.

जेलरोडकर

सर्वांचे आभार. चार दिवस लिहायला जमलं नाही, कारण याच भानगडीत होतो.

नंबर मागितला. मुंबईची कंपनी यादीत आहे, परवाना चालू आहे. मुलाने तिथे फोन केला तर ते म्हणाले, आम्ही असं काही घेत नाही, तुमच्याकडे मागितलं कोणी? इथला फॉर्म भरून देणारा म्हणतो, ते मेसचं नव्हतं, 'प्रोसेसिंग'चं होतं. लेखी द्या म्हटलं, तेव्हापासून फोन उचलत नाही. पैसे अजून दिले नव्हते ही पांडुरंगाची कृपा, आणि थोडी माझ्या पेन्शनच्या तारखेची.

शेगडी परत केली, दुकानदाराने १०० रुपये कापले. मुलाला रात्रीच्या जेवणाबद्दल सांगितलं, तो "हो" म्हणाला, त्या "हो"चा अर्थ आम्हाला माहीत आहे. स्मिताताई, फिश सॉसची यादी त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवली, ती मात्र त्याने दोनदा वाचली.

कुरडयांचा डबा आता आम्हीच संपवतो आहोत. मेतकुटासाठी डाळी भाजून झाल्या, उद्या दळायचं आहे. ही विचारते, नऊ महिन्यांना किती लागेल?

सिडकोची_स्मिता

एकट्याला अर्धा किलो. पण केबिनमेट आणि मेसमधले बाकीचे मराठी धरून सव्वा किलो करा. ते मागतातच.