आजींचे औषधी ज्ञान नोंदवहीत किती लिहावे?

प्रश्न : पाड्यावरचा शिक्षक, धडगाव

नमस्कार. आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवहीतील (गावातली जैवविविधता आणि तिच्याविषयीचे लोकांचे ज्ञान नोंदवण्याची वही) औषधी वनस्पतींची पाने भरण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. पाड्यावरच्या एक पावरा आजी मोडलेले हाड बसवतात. परवा त्यांच्यासोबत डोंगरात गेलो, तेव्हा त्यांनी विळ्याने एका झाडाची साल काढली, तीही चार बोटे रुंद आणि एकाच बाजूने. उघड्या खोडावर ओली माती थापली आणि मगच साल पदरात बांधली. मी वही उघडताच त्यांनी पावरीत सांगितले की झाडाचे नाव लिही, बाकीचे नको. नमुन्यात मात्र वापरायचा भाग आणि त्यासंबंधीचे पारंपरिक ज्ञान यांचे रकाने आहेत. त्यांच्याकडून हे कोणीच शिकलेले नाही, त्यामुळे न लिहिल्यास सारे त्यांच्याबरोबर जाईल, ही भीती मला वाटते. काय करावे?

उत्तर १ : यावल

सर, रकाना रिकामा ठेवा. ही नोंदवही २००२ च्या जैविक विविधता कायद्यातून आली असली, तरी तिच्यात नाव आले म्हणून ज्ञानावरची मालकी आपोआप राखली जात नाही. केरळातील काणी समाजाचे उदाहरण पाहा. त्यांच्या वाटाड्यांनी १९८७ मध्ये शास्त्रज्ञांना आरोग्यपच्च या वनस्पतीची फळे दाखवली, त्यातून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले आणि परवाना शुल्क व स्वामित्वधन यांचा निम्मा वाटा समाजाला देण्याचे ठरले. हा आदर्श म्हणून सांगितला जातो, आणि त्यात चांगले आहेच. परंतु माहिती सांगणारे दोघे-तिघे होते आणि समाजातील काही वैद्यांचा ती बाहेर देण्यास विरोध होता, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणून एकट्या आजींचा होकारही मला पुरेसा वाटत नाही. विषय पाड्याच्या ग्रामसभेत यायला हवा.

उत्तर २ : अक्राणीचा पावरा

गुरुजी, वनहक्क म्हटले की आमच्या लोकांना खेडलेल्या जमिनीचा दावाच आठवतो. पण २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(१) जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञान आणि बौद्धिक संपदेवरचा सामूहिक हक्कही मान्य करते, आणि दाव्यांची प्रक्रिया ग्रामसभेतूनच सुरू होते. त्या दाव्यात वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले जबाब पुरावा म्हणून चालतात, तेव्हा आजींचा जबाब तेथे नोंदवा: डोंगर कोणता, पिढ्यान्‌पिढ्या तेथे जाणे कसे आहे, साल किती काढायची. औषध करण्याची कृती सांगण्याची गरज नाही. वनस्पतीचे नाव आजी उच्चारतात तसे पावरीतच लिहा. आपल्याकडच्या नोंदींत आमची नावे ओढूनताणून मराठी केली जातात, हे मला फार लागते.

आणि आजी नको का म्हणाल्या, हे त्यांना विचारलेत का? खोडाची साल चहूबाजूंनी सोलली की झाड वाळते. एकदा कृती बाहेर गेली की पोती घेऊन येणारा माणूस माती थापायला थांबणार नाही.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल आजींना विचारले. कारण तेच निघाले. त्यांच्या माहेरच्या डोंगरावर अशी तीन झाडे वाळली होती. नोंदवहीत पावरी नाव आणि ‘ग्रामसभेच्या परवानगीने’ एवढेच लिहिले असून समितीनेही ते मान्य केले आहे. आजींची नात आठवीत आहे. पुढच्या वेळी डोंगरात तिला सोबत न्यायला त्या तयार आहेत, वहीशिवाय.