मदत हवी आहे : गर्दीत सगळं सुरळीत, दुपारी निवांत वेळी मात्र ५०२

गुलटेकडी_सर्व्हर

मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी शेतकऱ्यांची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) काढायची वेब प्रणाली आहे. पुढे अ‍ॅमेझॉनचा अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर (आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरकडे वाटणारा, मुंबई रीजन), त्यामागे उबुंटूवर एन्जिनएक्स १.२४ हा वेब सर्व्हर, तो रिक्वेस्ट पुढे देतो त्याच मशीनवर ३००० पोर्टला नोड १८ मध्ये चालणाऱ्या आमच्या प्रोग्रामला.

सकाळी लिलावाच्या वेळी सगळ्या गाळ्यांवरून एकदम वापर होतो, तेव्हा एकही चूक येत नाही. दुपारी वापर मिनिटाला पाच-दहा रिक्वेस्टवर उतरला की अधूनमधून ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याची चूक) येतो. पुन्हा बटण दाबलं की काम होतं. सीपीयू आणि मेमरी दोन्ही रिकामी असतात.

महिन्याचा आवक अहवाल ९० सेकंद घेत होता, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट (हालचाल नसलेलं कनेक्शन किती वेळ धरायचं) ६० वरून १२० सेकंद केला आणि एन्जिनएक्समध्ये प्रॉक्सी_रीड_टाइमआउट १२०. अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये (एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमधला नोडकडच्या कनेक्शनांचा भाग) कीपअलाइव्ह, म्हणजे कनेक्शन पुन्हा वापरण्यासाठी उघडं ठेवणं, ३२ आहे, एचटीटीपी १.१ आणि रिकामा कनेक्शन हेडरही लावलेला आहे. बाकी सगळं डिफॉल्ट. कीपअलाइव्ह_टाइमआउट वाढवायचा की कमी करायचा? दोन्ही सल्ले वाचायला मिळतात.

सिंहगडरोड_लिनक्स

आकडे बदलायच्या आधी ५०२ कोण देतंय ते बघा. लोड बॅलन्सरचे अ‍ॅक्सेस लॉग चालू करा. त्यात स्टेटसचे दोन रकाने असतात, एक लोड बॅलन्सरचा आणि एक टार्गेटचा, म्हणजे तुमच्या एन्जिनएक्सचा. पहिल्यात ५०२ आणि दुसऱ्यात नुसती आडवी रेघ असेल तर एन्जिनएक्सकडून उत्तरच आलेलं नाही, म्हणजे कनेक्शन लोड बॅलन्सर आणि एन्जिनएक्सच्या मध्ये तुटलं. दोन्हींत ५०२ असेल तर तो एन्जिनएक्सने दिलाय, म्हणजे दोष एन्जिनएक्स आणि नोडच्या मध्ये. त्या वेळेची एन्जिनएक्सच्या एरर लॉगमधली ओळ आणि रिक्वेस्ट गेट (नुसती माहिती मागणारी) होती की पोस्ट (माहिती जतन करायला पाठवणारी), हेही इथे द्या.

गुलटेकडी_सर्व्हर

कालच्या दिवसात आडवी रेघ असलेले ११, दोन्हीकडे ५०२ असलेले ७. हे सातही पट्टी जतन करतानाचे, सगळे पोस्ट. एरर लॉगमध्ये त्या सातांसमोर 'अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन' किंवा '१०४ : कनेक्शन रीसेट बाय पीअर'. त्या अकरांची मात्र एन्जिनएक्सच्या कुठल्याच लॉगमध्ये नोंद नाही.

हडपसर_बॅकएंड

मग तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत, जात एकच.

नियम असा : जो रिक्वेस्ट पाठवतो, रिकामं कनेक्शन त्यानेच आधी बंद करायचं. घेणाऱ्याने आधी बंद केलं तर मध्ये काही मिलिसेकंदांची फट राहते. घेणाऱ्याचं 'बंद करतोय' वाटेत असतं आणि तेवढ्यात पाठवणारा त्याच कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट टाकतो. समोरून रीसेट येतो आणि वापरणाऱ्याला ५०२ दिसतो. सकाळी कनेक्शन रिकामं राहतच नाही, म्हणून चूक येत नाही. दुपारी दोन रिक्वेस्टमधलं अंतर टाइमआउटच्या आसपास जातं आणि एखादी बरोबर त्या फटीत सापडते.

आता जोड्या एकेक करून तपासा. सगळे आकडे एकाच साखळीत लावायला गेलात तर गोंधळ होईल.

पहिली जोडी, लोड बॅलन्सर आणि एन्जिनएक्स. एन्जिनएक्सचा कीपअलाइव्ह_टाइमआउट डिफॉल्ट ७५ सेकंद. लोड बॅलन्सर ६० वर होता तोवर तो आधी सोडायचा, म्हणून ठीक चाललं. तुम्ही १२० केलेत त्या दिवशी क्रम उलटला, ७५ व्या सेकंदाला एन्जिनएक्स आधी सोडू लागला. ते ११ इथले. एन्जिनएक्सच्या हातात पूर्ण रिक्वेस्ट पोचलीच नाही, म्हणून लॉगही कोरा.

दुसरी जोडी, एन्जिनएक्स आणि नोड. अपस्ट्रीम ब्लॉकमधला कीपअलाइव्ह_टाइमआउट डिफॉल्ट ६० सेकंद, नोड १८ चा फक्त ५. ही जोडी पहिल्या दिवसापासून उलटी आहे. फक्त पोस्टच का पडतात, तर जपून ठेवलेलं कनेक्शन तुटलेलं निघालं की एन्जिनएक्स गेट रिक्वेस्ट स्वतःच नव्या कनेक्शनवर पुन्हा पाठवतो. पोस्ट एकदा पाठवली की परत पाठवत नाही, आणि ते योग्यच आहे.

दोन्ही ठिकाणी निर्देशाचं नाव एकच असल्यामुळे बहुतेकांची इथेच फसगत होते. एचटीटीपी किंवा सर्व्हर ब्लॉकमधला कीपअलाइव्ह_टाइमआउट पुढच्या बाजूचा, अपस्ट्रीम ब्लॉकमधला मागच्या बाजूचा. एक बदलल्याने दुसरा हलत नाही.

बदल असे करा. सर्व्हर ब्लॉकमध्ये कीपअलाइव्ह_टाइमआउट १३० सेकंद. अपस्ट्रीममध्ये ६० आहे तो राहू द्या, पण स्पष्ट लिहून ठेवा, पुढच्या माणसाला दिसला पाहिजे. नोडमध्ये सर्व्हरच्या ऑब्जेक्टवर कीपअलाइव्हटाइमआउट ७५००० आणि हेडर्सटाइमआउट ८००००. नोडचे आकडे मिलिसेकंदांत असतात. तिथे ७५ लिहिलंत तर कनेक्शन क्षणात तुटेल आणि आहे त्यापेक्षा वाईट अवस्था होईल. हेडर्सटाइमआउट मोठा ठेवायचा, कारण नोडच्या काही जुन्या आवृत्त्यांत तो रिकाम्या वेळेतही मोजला जायचा.

आणि अपस्ट्रीममधला ३२ हा कनेक्शनांचा कमाल आकडा समजू नका. एन्जिनएक्सच्या प्रत्येक वर्करने (काम करणाऱ्या प्रोसेसने) किती रिकामी कनेक्शनं जपून ठेवायची, एवढंच तो सांगतो.

वारजे_नेटवर्क

वरचं सगळं बरोबर, पण मुळात एका अहवालासाठी लोड बॅलन्सर १२० वर ठेवणंच मला पटत नाही. उत्तराची वाट पाहतानाही त्याचा तोच आयडल टाइमआउट लागतो, म्हणून तो वाढवावा लागला हे खरं. पण उद्या अहवालाला १३० सेकंद लागले की पुन्हा तिन्ही ठिकाणी हात घालावा लागेल. अहवाल मागे रांगेत टाका, लगेच एक क्रमांक परत द्या आणि पानावरून दर ५ सेकंदांनी 'झाला का' विचारा. मग लोड बॅलन्सर ६० वर आणि पुढचा कीपअलाइव्ह ७५ वर, दोन्ही डिफॉल्ट.

प्रॉक्सी_रीड_टाइमआउटही संपूर्ण उत्तराला लागणारा वेळ मोजत नाही, तो नोडकडून होणाऱ्या दोन वाचनांमधली शांतता मोजतो. अहवाल थेटच ठेवायचा असेल तर १२० फक्त त्या लोकेशनपुरता (कॉन्फिगमधल्या अहवालाच्या पत्त्यापुरता) लावा. सरसकट लावलात तर नोड खरोखर अडकला तरी प्रत्येक दिवाणजी दोन मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघत बसेल.

कोथरूड_डेव्ह

कीपअलाइव्ह पूर्ण बंद केलं तर? अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर आम्ही त्याचा वेळ कमीच ठेवतो.

हडपसर_बॅकएंड

अपाचेचा डिफॉल्ट ५ सेकंद आहे. त्याच्या प्रीफोर्क पद्धतीत एक रिकामं कनेक्शन अख्खी एक प्रोसेस अडवून बसतं, तिथे कमी ठेवणं समजू शकतं. एन्जिनएक्समध्ये १०,००० रिकाम्या कनेक्शनना मिळून साधारण अडीच एमबी मेमरी लागते, तेव्हा कमी करून हाती काही लागत नाही. बंद केलं तर ५०२ जातील, पण सकाळच्या गर्दीत प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडावं लागेल. लोड बॅलन्सर समोर असताना अपाचेलाही ५ सेकंद चालणार नाहीत, तिथेही त्याच्यापेक्षा जास्तच हवेत.

सिंहगडरोड_लिनक्स

बदलानंतर एन्जिनएक्स उणे टी ही आज्ञा चालवून कॉन्फिग तपासा, मगच रीलोड. रीलोड करताना जुने वर्कर रिकामी कनेक्शनं लगेच सोडतात, त्यामुळे तेव्हाही एखादा ५०२ येऊ शकतो. लिलाव आटोपल्यावर करा.

नोडचा आकडा खरंच लागू झाला का, हे टेलनेटने (हाताने कनेक्शन जोडून ओळी टंकायच्या साधनाने) कळतं. लोकलहोस्टच्या ३००० पोर्टला जोडा, गेट स्लॅश एचटीटीपी १.१ ही ओळ, खाली होस्टची ओळ, मग एक रिकामी ओळ. उत्तर आलं की काहीही न टंकता घड्याळ लावा. आज ५ सेकंदांत तुटेल, बदलानंतर ७५ ला तुटायला हवं. तरीही ५ लाच तुटलं तर तुम्ही आकडा भलत्याच ऑब्जेक्टवर लावलाय. एक्सप्रेसमध्ये (नोडवरच्या वेब चौकटीत) अ‍ॅपवर लावून उपयोग नसतो, लिसन जे परत देतं त्यावर लावायचा.

गुलटेकडी_सर्व्हर

अगदी तेच झालं होतं, अ‍ॅपवर लावला होता. लिसनच्या ऑब्जेक्टवर लावल्यावर टेलनेट ७५ सेकंदांना तुटतंय. अहवाल रांगेत टाकायचं काम हाती घेतलंय, तोवर पुढे १३०. एक शंका उरली. ५०२ नंतर दिवाणजी पुन्हा 'जतन' दाबतात. पट्टी दोनदा पडली असेल का?

हडपसर_बॅकएंड

नोडने कनेक्शन बंद केल्यावर पोचलेली रिक्वेस्ट त्याने वाचलेलीच नसते, म्हणून या सातांमुळे दुबार पट्टी पडलेली नसावी. पण नोंद झाल्यावर उत्तर परतताना कनेक्शन तुटलं तर पडेल, आणि ती जोखीम कुठल्याच टाइमआउटने जात नाही. पट्टीचा फॉर्म उघडतानाच ब्राउझरमध्ये एक यादृच्छिक ओळख क्रमांक तयार करा, तो पोस्टसोबत पाठवा आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारा) लावा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर चूक न दाखवता आधीची पट्टी परत द्या. जुन्या नोंदींत तोच शेतकरी, तोच माल, तेच वजन आणि पाच मिनिटांच्या आतली वेळ अशा जोड्या शोधा. सापडल्या तर हमाली-तोलाई दोनदा कापली गेली का, ते आडत्याला विचारून मगच दुरुस्त करा.