मदत हवी आहे: एकेरी रस्ते घातले की रोटर-राउटर वॉकचं चक्र लागत नाही

नौपाडा_नोड:
नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ठाणे स्टेशन पश्चिम आणि नौपाडा भागाचा ग्राफ केलाय. चौक म्हणजे नोड, रस्ता म्हणजे एज. स्टेशनवरून निघालेला, प्रत्येक चौकात वाटेल तिकडे वळणारा माणूस तलावपाळीला आधी पोचेल की तीन हात नाक्याला, याची शक्यता काढायची आहे.

साध्या रँडम वॉकमध्ये, म्हणजे प्रत्येक चौकात फासा टाकून वळलं तर, चूक फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होते. उत्तरात एक अंक जास्त अचूक हवा तर शंभरपट फेऱ्या, आणि माझा लॅपटॉप आधीच आचके देतोय. म्हणून मॅडमनी रोटर-राउटर सुचवला. यात फासा नाहीच. प्रत्येक चौकात एक बाण. माणूस आला की बाण यादीतल्या पुढच्या रस्त्याकडे वळतो आणि माणूस त्याच रस्त्याने जातो.

सगळे रस्ते दुहेरी धरले तेव्हा मस्त चाललं. एजची संख्या गुणिले ग्राफचा व्यास (सगळ्यात लांबच्या दोन चौकांमधलं अंतर, एजमध्ये मोजलेलं), याच्या दुपटीइतक्या पावलांच्या आत युलर चक्र लागायला हवं, ते लागलं. प्रत्येक रस्ता जाताना एकदा, येताना एकदा. पण एकेरी रस्ते घातल्यावर चक्र दिसतच नाही, आणि एका मागच्या गल्लीत तर माणूस फिरकतच नाही म्हणा ना. कोड गंडलाय की पद्धतच इथे चालत नाही? आणि सुरुवातीचे बाण कसे लावायचे?

सीवूड्स_स्लो:
आधी एक तपासा. प्रत्येक चौकातून दोनपैकी एका ठिकाणी पोचता येतं ना? एकेरीच्या नादात एखादा कोपरा असा झाला असेल की आत शिरलं की बाहेर पडणं नाही, तर माणूस तिथेच घुटमळत राहील.

कळव्याचा_कंपास:
कोड ठीक असावा. युलर चक्रासाठी प्रत्येक चौकात येणारे आणि जाणारे रस्ते सारखे लागतात. दुहेरीत ते आपोआप जमतं, एकेरीत नाही. बाण आणि माणसाची जागा मिळून अवस्था मोजक्याच, म्हणून कधीतरी पुनरावृत्ती होणारच; पण तो काळ प्रचंड मोठा असू शकतो. त्या काळात प्रत्येक चौकातून निघणारे सगळे रस्ते समसमान वापरले जातात, त्यामुळे भेटींचं प्रमाण मार्कोव्ह साखळीच्या (म्हणजे तुमच्या रँडम वॉकच्या) स्थिर वितरणाइतकंच, म्हणजे दीर्घकाळात प्रत्येक चौकाच्या वाट्याला येणाऱ्या भेटींइतकंच येतं. तुमची ओस गल्ली रँडम वॉकमध्येही ओसच असणार.

मुद्दा असा की तुम्हाला चक्राची गरजच नाही. तलावपाळी आणि तीन हात नाका, दोन्हीकडून माणसाला थेट स्टेशनवर परत आणा आणि कुठे किती वेळा पोचला ते मोजत राहा. होलरॉइड आणि प्रॉप या गणितज्ञांनी दाखवलंय की सांत (मोजक्या चौकांच्या) ग्राफवर चूक फेऱ्यांच्या व्यस्त प्रमाणात घटते. एक अंक वाढवायला दहापट फेऱ्या, शंभरपट नाहीत. कारणही सुंदर आहे: माणूस उभा आहे तिथून तलावपाळीला आधी पोचायची शक्यता, अधिक प्रत्येक बाणाच्या स्थितीला दिलेलं एक ठरावीक वजन, ही बेरीज मधल्या प्रत्येक पावलाला तशीच राहते. वजनांना मर्यादा आहे, म्हणून चुकीचा साठा वाढतच जाऊ शकत नाही. सुरुवातीचे बाण कसेही लावा, फरक फक्त त्या मर्यादेच्या आत पडतो.

प्रोजेक्टच्या प्रस्तावनेसाठी: हेच मॉडेल १९९६ साली प्रिएझेव्ह, दीपक धर, अभिषेक धर आणि सुप्रिया कृष्णमूर्ती यांनी 'युलेरियन वॉकर्स' म्हणून मांडलं. दीपक धर तेव्हा आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) होते. सगळं श्रेय प्रॉपना देऊन मोकळं होऊ नका.

नौपाडा_नोड:
दादा, खूप आभार! सीवूड्स, तुमचं खरं निघालं, एक कोपरा बंद होता. शेवटची शंका: काही चौकांत लोक एका बाजूला जास्त वळतात. पाचपैकी तीनदा डावीकडे, दोनदा सरळ, असं कसं घालू?

कळव्याचा_कंपास:
बाणाची यादीच पाच जागांची करा: डावा, सरळ, डावा, सरळ, डावा. तिन्ही डावे सलग ठेवले तरी गणित चुकत नाही, पण आलटून पालटून ठेवलेत तर चुकीची मर्यादा सहसा लहान राहते.