चर्चा : येशूवरचा सिनेमा की फटक्यांचा?

मत्तयवाचक : मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (2004) पाहून विश्वासणारे रडतात, म्हणून तो शुभवर्तमानाशी (बायबलमधल्या मत्तय, मार्क, लूक, योहान या येशूचरित्रांशी) इमान राखून आहे असं धरलं जातं. मला हे पटत नाही. मार्क 15:15 काढून बघा, मूळ ग्रीकमध्ये फटके एका शब्दात उरकलेत. लूकमध्ये रोमी सुभेदार पिलात 'फटके मारून सोडतो' एवढं म्हणतो. मारल्याचं वर्णनच नाही. सिनेमात मात्र आधी वेत, मग आकडे लावलेले चाबूक, आणि प्रसंग संपता संपत नाही. पुनरुत्थानाला शेवटची दोनेक मिनिटं. शिकवण येते ती आठवणींच्या तुकड्यांतून. ज्याला येशू कोण हेच ठाऊक नाही, त्याला एका निरपराध माणसाचे हाल दिसतात, बस्स.

जपमाळ : फूटपट्टीच चुकली तुमची. हा क्रूसाच्या वाटेचा (येशूच्या शेवटच्या वाटचालीच्या एकेका 'स्थाना'वर थांबून करायच्या भक्तीचा) सिनेमा आहे. तीनदा पडणं (तिसरं, सातवं, नववं स्थान), आईची भेट (चौथं), येशूचा चेहरा पुसणाऱ्या वेरोनिकाचा रुमाल (सहावं). यातलं काहीच शुभवर्तमानांत नाही, पण कॅथलिक भक्तीत शतकानुशतकं आहे. आणि 'का' सांगत नाही कसं? सुरुवातच यशया 53 च्या वचनाने (आमच्या अपराधांसाठी तो घायाळ झाला) होते. वधस्तंभाच्या दृश्यांत मधेच शेवटच्या भोजनातली भाकर दिसते. मिस्सा (भाकरीचा कॅथलिक उपासनाविधी) माहीत असलेल्याला आणखी काय फोड करून सांगायचं?

मत्तयवाचक : 'माहीत असलेल्याला'. मी वेगळं काय म्हणत होतो?

तळटीप : परंपरा म्हटलं की सगळं माफ होत नाही. यातलं बरंच ॲन कॅथरिन एमेरिख या जर्मन धर्मभगिनीच्या दृष्टान्तांतून आलंय. क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीने ते लिहून 1833 मध्ये छापले. पिलाताची बायको येशूच्या आईला, मरियेला कापड देते, ते तिथलंच.

पण माझा खरा आक्षेप पिलातावर आहे. इथे तो हळवा, कोंडीत सापडलेला अधिकारी. लूक 13:1 मधला पिलात गालीलकरांचं रक्त त्यांच्याच यज्ञबलीत मिसळतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की त्याने मंदिराचा पैसा पाण्याच्या कालव्यासाठी वापरला आणि ओरडणाऱ्या जमावावर सोटे चालवले. असा माणूस यहुदी महायाजक कयफापुढे नरमला असं दाखवलं की दोष आपसूक यहुद्यांकडे सरकतो. मत्तय 27:25 चं (जमाव म्हणतो, 'त्याचं रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो') उपशीर्षक काढलं खरं, अरामी संवाद मात्र तसाच राहिला. 'नोस्त्रा एताते' या कॅथलिक चर्चच्या घोषणापत्राने 1965 मध्येच सरसकट सगळ्या यहुद्यांवर ठपका ठेवायला नकार दिला होता.

जपमाळ : पिलाताची चलबिचल गिब्सनने घडवलेली नाही. योहान 18-19 मध्ये तो सारखा आत-बाहेर करतो. हात धुणं मत्तयाचं.

तळटीप : योहानाचा पिलात 'सत्य काय आहे?' विचारतो आणि उत्तराला न थांबता बाहेर पडतो. सिनेमात तोच प्रश्न घेऊन तो बायकोजवळ बसतो. कुत्सितपणाचा हळवेपणा झाला तो नेमका इथे.

सुतारकाम : वाद चालू द्या, तपशिलाचंही बघा. चोरांच्या खांद्यावर नुसता आडवा दांडा, येशूच्या खांद्यावर अख्खा क्रूस. रोमी रीत पहिली होती. दुसरं चित्र चित्रकारांचं. तळहातातल्या खिळ्यांवर (खरे मनगटात ठोकत, असं म्हणतात) लगेच हसू नका. योहान 20 मधल्या 'हात' या ग्रीक शब्दात मनगटही येतं.

मंडळीत दाखवणार असाल तर 2005 ची पाचेक मिनिटांनी कमी केलेली आवृत्ती घ्या. आधी मार्क 14-15 मोठ्याने वाचा, म्हणजे सिनेमाने काय भर घातली ते प्रत्येकाला आपलं आपण कळेल. नंतर लूक 24. मुलांना बसवू नका. अमेरिकेत याला 'आर' (मुलांवर बंधन घालणारं) प्रमाणपत्र मिळालंय ते उगाच नाही.

मत्तयवाचक : लूक 24 लावाच. अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य पुन्हा उठलेल्या येशूला ओळखतात ते भाकर मोडताना (24:35). जखमा बघून नव्हे.

जपमाळ : चार वचनं पुढे जा. 'माझे हात व माझे पाय पाहा.'