टीम लीड केलंय खरं, पण प्रोजेक्ट सांभाळायला शिकायचं कुठून?

गोंधळी_लीड:
नमस्कार मंडळी. दीड महिन्यापूर्वी मला टीम लीड केलं. सात जण आहेत, त्यातले चौघं कालपर्यंत माझ्या शेजारी बसून साहेबाच्या नावाने बोटं मोडायचे, आता तो साहेब म्हणजे मीच. काम असं की जुन्या सिस्टिममधला सगळा डेटा साफ करून नव्या सिस्टिममध्ये न्यायचा, तपासायचा आणि तीन डिपार्टमेंटच्या लोकांना ती वापरायला शिकवायची, मुदत चार महिने. मी स्वतः हे काम उत्तम करायचो म्हणून तर लीड केलं, पण आता होतं काय की कुणालाही विचारलं की उत्तर एकच, "चालू आहे, नव्वद टक्के झालंय", आणि पुढच्या आठवड्यात विचारलं तरी नव्वदच टक्के! शेवटी रात्री बसून मीच करून टाकतो. एक्सेलमध्ये मोठा प्लॅन केला होता, तो दुसऱ्याच आठवड्यात खोटा पडला. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) वगैरे कोर्स करू का? की एखादं चांगलं सॉफ्टवेअर घेऊ? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा प्लीज.

सर्टिफिकेटवाला:
पीएमपीचं आधी सांगतो. त्याला नुसती फी भरून बसता येत नाही, डिग्री असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि वर ३५ तासांचं ट्रेनिंग मागतात. म्हणजे तुमचा दीड महिना त्यात कुठेच बसत नाही. पीएमपी देणाऱ्या पीएमआय संस्थेचीच सीएपीएम नावाची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा आहे, तिला अनुभव लागत नाही, बारावीपर्यंत शिक्षण आणि २३ तासांचा कोर्स पुरतो. मी पीएमपी केलंय आणि फायदा झाला, पण फायदा म्हणजे काय तर जे आधीच ठेचा खाऊन कळलं होतं त्याला नावं मिळाली, आणि इंटरव्ह्यूत विचारतात म्हणून सांगता आलं. तुमची अडचण पुढच्या सोमवारची आहे, ती सर्टिफिकेटने सुटणार नाही. सॉफ्टवेअरचंही तेच, गोंधळ कागदावर असेल तर स्क्रीनवर रंगीत गोंधळ दिसेल, एवढाच फरक.

घोडं_कुठे_अडलं:
तुझं ते नव्वद टक्के वाचून हसू आलं, कारण माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये एक काम सलग पाच आठवडे नव्वद टक्क्यांवर होतं, आणि गंमत म्हणजे तो माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. चूक माझी होती, मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो. टक्के विचारणं बंद कर. काम एकतर झालंय किंवा नाही झालंय, मधलं काही नाही. त्यासाठी कामाचे तुकडे दोन-तीन दिवसांत संपतील एवढे लहान पाहिजेत आणि "झालं" म्हणजे काय हे आधी लिहून ठेवायला पाहिजे. "डेटा साफ करणे" हे काम नाही, ते भिजत घोंगडं आहे. "अमुक डिपार्टमेंटच्या ग्राहक यादीतल्या डबल नोंदी काढल्या आणि त्या डिपार्टमेंटच्या माणसाने बघून होकार दिला", हे काम. आणि प्रत्येक कामापुढे नाव एकच. दोघांची नावं लिहिलीस की दोघंही समजतात दुसरा करतोय.

दुसरं, तुझा एक्सेलचा प्लॅन का मोडला माहितीये? बहुतेक तू यादी केलीस, साखळी केली नाहीस. कुठलं काम कशावर अडून आहे ते बाणांनी काढ. डेटा साफ झाल्याशिवाय टाकता येत नाही, टाकल्याशिवाय तपासता येत नाही, तपासल्याशिवाय खरी ट्रेनिंग नाही, ही झाली सगळ्यात लांब साखळी आणि हिच्यातला एक दिवस गेला की शेवटची तारीख एक दिवस पुढे. उलट ट्रेनिंगचं साहित्य लिहिणं, कुणाला कुठला ॲक्सेस द्यायचा ती यादी करणं, ही कामं बाजूने चालू राहतात, त्यात चार दिवस इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. याला क्रिटिकल पाथ म्हणतात, १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीत केमिकल प्लांटच्या कामांसाठी हे निघालं, म्हणजे तेव्हाही लोकांना हाच प्रश्न पडलेला की शेकडो कामांमधलं नेमकं कुठलं बघत बसायचं. तू रोज सकाळी सातही जणांच्या डोक्यावर उभा राहू नकोस, त्या साखळीत आज घोडं कुठे पेंड खातंय तेवढं बघ.

अंदाजाचंही सांगतो. कुणालाही "किती दिवस लागतील" विचारलं की तो सगळं सुरळीत गेलं तर किती लागतील ते सांगतो. तीन आकडे विचार, सगळं नीट गेलं तर, साधारणपणे, आणि सगळं बोंबललं तर. समजा ४, ६ आणि १४ दिवस आले. मधल्या आकड्याला चारने गुणून तिन्ही मिळव आणि सहाने भाग, ७ दिवस येतात. ही १९५८ साली अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात आलेली पर्ट पद्धत. मला आकड्यापेक्षा तिसऱ्या प्रश्नाचा जास्त उपयोग होतो, कारण "१४ का?" विचारलं की तो माणूस मनातली भीती बोलून दाखवतो, की जुन्या सिस्टिमचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो महिनाभर सुट्टीवर चाललाय वगैरे. हे तुला कुठल्याच मीटिंगमध्ये कळलं नसतं.

माजी_कडक_बाई:
वरचं सगळं बरोबर आहे पण तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुणी धरलंच नाही. "रात्री बसून मीच करून टाकतो." अहो, इथेच सगळं अडलंय! तुम्ही रात्री करता हे टीमला माहीत आहे आणि त्यातून त्यांना दोन गोष्टी कळतात, एक की नाही केलं तरी चालतं आणि दुसरी की आपण केलेलं ह्यांना पसंत पडत नाही. मीही दोन वर्षं हेच केलं आणि वर म्हणत फिरायचे की कुणी जबाबदारीच घेत नाही. काम परत द्यायचं, उशीर झाला तरी, आणि सोबत बसायचं, पण माऊस त्यांच्या हातात.

ते चार मित्र, त्यांच्याशी एकेकट्याने बोला, सगळ्यांसमोर नाही. त्यातल्या एखाद्याला लीड व्हायचं असेल आणि "कानामागून आली अन् तिखट झाली" असं वाटत असेल तर ते वाटणारच, त्यात त्याचा दोष नाही. मी एकाला सरळ म्हटलं होतं की तुला हे मिळायला हवं होतं असं वाटत असेल तर समजू शकते, आता सांग तुला कुठलं काम पूर्ण तुझ्या ताब्यात हवंय. तो आठवडाभर तुसडेपणाने वागला, नंतर तपासणीचा भाग त्यानेच एकहाती सांभाळला. आणि दर आठवड्याला प्रत्येकाला अर्धा तास, ज्यात कामाचा हिशोब विचारायचा नाही, काय अडतंय एवढंच. सुरुवातीला "काही नाही, सगळं ठीक" हेच ऐकू येईल, तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलायला लागतात.

उभ्याउभ्या:
रोज सकाळी १५ मिनिटं उभ्याने मीटिंग घ्या, स्क्रममध्ये (छोट्या छोट्या टप्प्यांत टीमने काम करायची पद्धत) असते तशी. आमचं सगळं त्यानेच सुरळीत झालं.

माजी_कडक_बाई:
@उभ्याउभ्या, १५ मिनिटंच राहिली तर! आमच्याकडे ती हजेरी झाली होती. एकेक जण साहेबाकडे बघून काल काय केलं ते वाचून दाखवायचा, बाकीचे मोबाईलमध्ये. मग मी बोलणंच बंद केलं आणि बोर्डाकडे तोंड करून उभी राहायला लागले, तेव्हा कुठे ते एकमेकांशी बोलायला लागले.

गोंधळी_लीड:
बापरे, एवढं सविस्तर! रात्रीच्या कामाचं वाचून जरा लागलं पण खरं आहे. साखळी काढली काल, कागदावरच, आणि तिन्ही डिपार्टमेंटचं तपासणं एकाच मुलीवर अडलंय हे पहिल्यांदा दिसलं, आणि ती बिचारी कधी बोललीच नाही. आता नवीन प्रश्न, वरून निरोप आलाय की तारीख हलणार नाही, हवे तर अजून तीन माणसं घ्या. घेऊ ना?

घोडं_कुठे_अडलं:
लगेच हो म्हणू नकोस. आयबीएममध्ये मोठं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. नवीन माणसाला शिकवणार कोण, तर ज्याच्यावर आधीच काम अडलंय तोच. शिवाय तुझ्यासकट आठ जणांत बोलणाऱ्या जोड्या २८ होतात, अकरा झालात की ५५, म्हणजे माणसं तीन वाढली आणि निरोपांच्या वाटा जवळजवळ दुप्पट. पण हे सगळ्या कामांना सारखं लागू नाही. डबल नोंदी काढणं अर्ध्या तासात शिकवता येतं आणि वाटूनही देता येतं, तिथे माणसं उपयोगी. तपासणीला ज्याला तो डेटा माहितीये असाच माणूस लागतो. त्यामुळे तीन अनोळखी माणसांऐवजी त्या त्या डिपार्टमेंटचा एकेक जुना माणूस रोज दोन तास माग. आणि वर जाताना ती कागदावरची साखळी घेऊन जा, "जमणार नाही" म्हणू नकोस, "तारीख तीच ठेवायची तर पहिल्या टप्प्यात दोनच डिपार्टमेंट, तिसरं महिनाभराने, किंवा तिन्ही हवीत तर ही माणसं द्या, काय करू?" असं विचार. निवड त्यांना करू दे.

गोंधळी_लीड:
साखळीचा फोटो काढून ठेवलाय. गुरुवारी मीटिंग आहे, त्या मुलीलाही सोबत नेतोय, तपासणीला किती वेळ लागतो ते तीच सांगेल. काय झालं ते इथे लिहितो.