ईम : समुद्र नसलेलं बेट

इंग्लंडमधल्या गावाच्या नावाशेवटी ‘हॅम’ किंवा ‘अम’ दिसलं की त्याचा अर्थ वस्ती, असा एक ढोबळ नियम सांगतात. बर्मिंगहॅमला चालेल, पण डर्बीशरमधलं ईम हे गाव इथे फसवतं. Eyam हे स्पेलिंग वाचून कुणी ‘एयाम’ म्हणेल. उच्चार मात्र ‘ईम’, ‘टीम’सारखा.

जुन्या इंग्रजीत ‘एग’ म्हणजे बेट, आणि ‘एगुम’ म्हणजे ‘बेटांपाशी’. आता हे गाव ‘पीक डिस्ट्रिक्ट’ या डोंगराळ भागातलं, तिथे बेट कुठून आलं? तर ओढ्यांच्या मधल्या उंचवट्यालाही तेव्हा बेटच म्हणत. आपल्याकडे नदीतल्या जमिनीला बेट म्हणतात, तसंच काहीसं. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीतही हे गाव आहे.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास, सहा शतकांनी गाव खरोखरच बेट झालं. १६६५मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून प्लेग आला, असं सांगतात. पुढच्या वर्षी पाद्री विल्यम मोंपेसन आणि त्याच्या आधीचा पाद्री थॉमस स्टॅन्ली या दोघांनी गावकऱ्यांना रोग पसरू नये म्हणून वेशीबाहेर न जाण्यासाठी राजी केलं. दोघांचं धार्मिक बाबतीत पटत नव्हतं, हे विशेष. सुमारे २६० माणसं प्लेगने दगावली, मोंपेसनची बायकोही. गावातल्या एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली.

शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवरचा सीमेचा दगड अजून आहे. नाण्यांतून रोग जाऊ नये म्हणून ईमचे लोक त्यातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायचे, शेजारगावचे लोक धान्य ठेवून ती उचलायचे.