विषय: पाडव्याला नववारी शिवून घेऊ की नेसायला शिकू?

नमस्कार मंडळी,
पाडव्यासाठी मुलीला शिवलेली नववारी मागवणार होते. ती म्हणते, "पणजीसारखी नेसायचीय, पायजम्यासारखी चढवायची नाही." मला सहावारीपलीकडे काही येत नाही. घरात एक रेशमी नववारी आहे. कुणी शिकवाल का?

उत्तर:
ताई, लेकीचं ऐका! मी सध्या सांगलीला माहेरी आहे. तुमची मेल मावशीला वाचून दाखवली, तर ती लगेच म्हणाली, "रेशमावर शिकवू नको, निसटतंय. सुती घ्यायला सांग."

मावशी रोज इरकलीच नेसते. आपल्या सांगली-साताऱ्याकडचं हे हक्काचं लुगडं, पण विणलं जातं कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलला. अंगाचा ताणा (म्हणजे मागावरचे उभे धागे) वेगळा, पदराचा वेगळा, आणि दोन्ही फास घालून जोडलेले. तो लाल पदर खांद्यावर आला की मला अजून आजी दिसते.

काल मावशीनं मला उभं करून तीनदा सोडायला लावलं. परकर नाही, आत तोकडी चड्डी. लुगडं पाठीमागून घेऊन पुढं काठाला काठ धरून कमरेवर गाठ मारायची. सगळी मदार या गाठीवर. ती सैल राहिली की मग पिनांचा मारा करावा लागतो. मावशी एकही पिन लावत नाही. मग पदर पाठीमागून उजव्या काखेखालून डाव्या खांद्यावर घ्यायचा, लांबी तेव्हाच ठरवायची. मधे उरेल त्याच्या निऱ्या करून खोचायच्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, तेव्हा निऱ्या भरपूर येतात. शेवटी निऱ्यांचा मधला खालचा काठ पायांमधून मागं नेऊन कासोटा खोचायचा. काठ पोटरीवर सरळ दिसला पाहिजे. शिवलेल्यात तो शिंप्याच्या मापानं बसतो, नेसलेल्यात तुमच्या मापानं.

ताईंची मेल:
सुती लुगड्यावर करून पाहिलं. गाठ टिकली! पण बसताना कासोटा ओढतोय.

उत्तर:
मावशीला विचारलं. कासोटा खोचताना ताठ उभं राहायचं नाही. पाय फाकवून, गुडघे थोडे वाकवून खोचायचा, म्हणजे कापड तेवढं सैल राहतं. मग मांडी घालून बसवून बघा. बसता आलं तर पाडव्याला फुगडीही घालता येईल.